‘एवढ्याशा मुलाला काय कळणार?’ : पियाजे यांचे टप्पे आणि तुमचे मूल

चार-पाच वर्षांच्या मुलाचे टॉन्सिलचे ऑपरेशन ठरले की घरातले कोणीतरी डॉक्टरांना बाजूला घेऊन हमखास सांगते, "त्याच्यासमोर काही बोलू नका हं. लहान आहे, त्याला काय कळणार? उगाच घाबरेल." त्याच घरातल्या आठ वर्षांच्या भावंडाच्या वाट्याला मात्र उलटे वाक्य येते, "एवढा मोठा झालास, एवढंही कळत नाही?" दोन्ही वाक्यांच्या मागे समजूत एकच आहे. अमुक वयापर्यंत मुलाला कळत नाही आणि ते वय झाले की कळायला लागते.

या समजुतीला शास्त्राचा आधार म्हणून बहुतेक वेळा जाँ पियाजे यांचे नाव घेतले जाते. शिक्षकांना त्यांचे चार टप्पे अभ्यासक्रमात असतात, शिक्षक पात्रता परीक्षेत त्यावर प्रश्न येतात आणि इंटरनेटवर वयाचे तक्ते सहज मिळतात. असा तक्ता मोबाइलवर दाखवून "आमची मुलगी सात वर्षांची आहे, पण यातले तिला जमत नाही, काही गडबड आहे का?" असे विचारणारे पालकही असतात. म्हणून या सिद्धांतातले काय टिकले, काय टिकले नाही आणि घरी त्याचा उपयोग किती, हे पाहणे गरजेचे आहे.

पियाजे यांनी नेमके काय पाहिले?

पियाजे (१८९६–१९८०) हे स्वित्झर्लंडचे. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, डॉक्टरेट गोगलगायींच्या वर्गातल्या मृदुकाय प्राण्यांवर. पुढे पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्यांचे लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे गेले. एका वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. यावरून त्यांनी जो विचार मांडला तो त्या काळात नवा होता. लहान मूल म्हणजे कमी माहिती असलेला मोठा माणूस नव्हे, त्याची विचार करण्याची रीतच वेगळी असते. १९२१ पासून ते जिनिव्हात काम करू लागले. पत्नीच्या मदतीने स्वतःच्या तीन मुलांच्या तान्हेपणापासून ठेवलेल्या बारीक नोंदींचा त्यांच्या सिद्धांतात मोठा वाटा आहे.

त्यांचे टप्पे थोडक्यात असे. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत मूल हाताळून, चोखून, ढकलून जग ओळखते. दोन ते सात या काळात शब्द, चित्रे आणि खोटे-खोटे खेळ येतात, पण तर्क अजून दिसणाऱ्या गोष्टीला बांधलेला असतो. सात ते अकरा या वयात समोरच्या वस्तूंबद्दल नीट तर्क करता येतो. अकरा-बारानंतर ‘समजा असे असते तर’ अशा केवळ कल्पनेतल्या प्रश्नांचाही पद्धतशीर विचार जमतो. पाठ्यपुस्तकांत यांना अनुक्रमे वेदन-कारक, पूर्व-क्रियात्मक, मूर्त क्रियात्मक आणि औपचारिक क्रियात्मक अवस्था अशी नावे आहेत. नावे लक्षात नाही राहिली तरी काही बिघडत नाही.

दुसऱ्या टप्प्याचा त्यांचा प्रसिद्ध प्रयोग घरी सहज करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे दूध ओता. मुलाकडून ‘सारखंच आहे’ असे कबूल करून घ्या. मग त्याच्या डोळ्यांसमोर एका पेल्यातले दूध उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि विचारा, "आता कशात जास्त आहे?" चार-पाच वर्षांची बहुतेक मुले उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. एका भाकरीचे चार तुकडे केले की ‘भाकरी जास्त झाली’ म्हणून खूश होणारे मूल अनेक घरांत असते. ते हट्टी नसते, मंदही नसते. त्याच्या नजरेत उंची भरते आणि रुंदी कमी झाल्याचा हिशेब त्याच वेळी डोक्यात राहत नाही.

पियाजे यांची ही निरीक्षणे खरी आहेत. प्रयोग त्यांच्या पद्धतीने केला तर जगात बहुतेक ठिकाणी तशीच उत्तरे मिळतात. चुकीच्या उत्तरातही मुलाचा तर्क असतो आणि मूल ऐकून जेवढे शिकते त्याहून जास्त स्वतः करून पाहून शिकते, या त्यांच्या दोन्ही गोष्टी आजही टिकून आहेत. वाद आहे तो उत्तरांच्या अर्थाबद्दल.

तोच प्रश्न दुसऱ्यांदा का विचारला?

दुधाच्या प्रयोगात मुलाला एकच प्रश्न दोनदा विचारला जातो. आधी ‘सारखे आहे का’ आणि ओतल्यानंतर पुन्हा तेच. आता मुलाच्या जागी बसून पाहा. बाईंनी वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारला, किंवा नुसते "नक्की?" म्हटले, की आपली मुले लगेच उत्तर बदलतात. मोठ्यांनी परत विचारले म्हणजे पहिले उत्तर चुकले, हे त्यांना पक्के ठाऊक असते. त्यातून मोठ्या माणसाने मुद्दाम दूध हलवले आहे, म्हणजे काहीतरी बदलले असणार.

१९७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी नेमके हेच तपासले. दोन ओळींत सारख्या संख्येने वस्तू मांडल्या आणि एक ओळ विस्कटली, पण ती मोठ्या माणसाने नाही, एका ‘खोडकर’ टेडी अस्वलाने. खेळ बिघडवायला आलेल्या अस्वलाने ओळ लांब केली, तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी ‘सारख्याच आहेत’ असे बरोबर सांगितले. वस्तू त्याच, प्रश्न तोच. बदलला होता तो प्रश्नामागचा संदर्भ. अस्वलाच्या गमतीत मुलांचे बदलाकडे लक्षच गेले नसेल, अशी शंका नंतर काही संशोधकांनी घेतली आणि ती अगदीच चुकीची नाही. तरीही मुलाच्या उत्तरावर विचारणाऱ्याची छाया पडते, हा मुद्दा शिल्लक राहतोच.

दुसरे उदाहरण तीन डोंगरांचे. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवून पियाजे विचारत, पलीकडे बसलेल्या बाहुलीला काय दिसत असेल? लहान मुले स्वतःला दिसते तेच बाहुलीलाही दिसते असे सांगत. यावरून लहान मूल आत्मकेंद्री असते, त्याला दुसऱ्याची बाजू दिसतच नाही, असा निष्कर्ष निघाला. मार्टिन ह्यूज यांनी त्याऐवजी छोट्या भिंती मांडून मुलांना सांगितले, पोलिसांच्या बाहुल्यांना दिसणार नाही अशा जागी या मुलाला लपव. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांत १० पैकी सुमारे ९ उत्तरे बरोबर आली. डोंगराच्या देखाव्याशी मुलाला काही देणेघेणे नव्हते. लपणे मात्र त्याला चांगले माहीत होते. पडद्यामागे तोंड लपवून पाय बाहेर ठेवणारे दोन वर्षांचे मूल आपण पाहतो, पण आजी रागावू नये म्हणून फुटलेली बशी कपाटामागे सरकवणारे चार वर्षांचे मूलही आपण पाहतोच. आजीला काय दिसेल आणि ती काय समजेल याचा विचार केल्याशिवाय ते जमत नाही.

तान्ह्या बाळांबद्दलही असेच घडले. झाकलेली वस्तू अजून तिथेच आहे, हे बाळाला साधारण आठ महिन्यांनंतर कळू लागते असे पियाजे म्हणत, कारण त्याआधी बाळ रुमाल उचलून वस्तू शोधत नाही. पण शोधायला हात नीट वळावा लागतो आणि बेत आखावा लागतो. रने बायार्जाँ आणि सहकाऱ्यांनी १९८५ पासून बाळाच्या हाताऐवजी नजर पाहिली. झाकलेल्या खोक्यातून फळी आरपार गेल्यासारखे अशक्य दृश्य दाखवले की पाच महिन्यांची बाळे त्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. जास्त वेळ पाहणे म्हणजे कळणे का, यावर वाद आहेत.

एकाच मुलात दोन टप्पे

सिद्धांताची सर्वांत कमकुवत बाजू हीच, असे मला वाटते. टप्पा खराच असेल तर मूल त्यात गेले की सगळीकडे तसाच विचार करायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे मुलाला साधारण सहा-सातव्या वर्षी कळते, पण मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी वजन तेच राहते हे कळायला आणखी दोन-तीन वर्षे लागतात. पियाजे यांना ही तफावत माहीत होती. त्यांनी तिला नावही दिले, पण नाव दिल्याने कारण सापडत नाही.

कारणाचा एक भाग सरावात आहे. १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिखलाच्या गोळ्याचा आकार बदलला तरी चिखल तेवढाच राहतो, हे त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा या मुलांना जास्त चांगले कळत होते. आपल्याकडचे ताजे उदाहरण कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतले आहे. तिथे विक्री करणाऱ्या मुलांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी चोख करणारी ही मुले वहीतल्या साध्या उदाहरणांत अडखळतात, आणि वहीत हुशार असलेली शाळकरी मुले बाजारातल्या हिशेबात गडबडतात. यांतले कोण ‘पुढच्या टप्प्यात’ म्हणायचे?

आणि मोठ्यांचे काय? पीटर वेसन यांचे १९६६ चे चार पत्त्यांचे तर्काचे कोडे बहुतेक सुशिक्षित प्रौढांनाही सुटत नाही. तेच कोडे ‘दारू पिणाऱ्याचे वय किती हवे’ अशा ओळखीच्या नियमाच्या रूपात घातले की बहुतेकांना सुटते. स्वतः पियाजे यांनी १९७२ मध्ये मान्य केले, की शेवटच्या टप्प्यातला विचार प्रत्येकाला येईल तो बहुधा ज्याच्या त्याच्या कामाच्या किंवा आवडीच्या क्षेत्रात. उत्तम मोटार मेकॅनिक बिघाड शोधताना जो काटेकोर तर्क लावतो, तो त्याला कागदावरच्या बीजगणितात जमेलच असे नाही.

म्हणून आज विकासाचा विचार जिन्याच्या पायऱ्यांसारखा फारसे कोणी करत नाही. मुलाजवळ एकाच वेळी जुन्या-नव्या अनेक पद्धती असतात आणि हळूहळू चांगल्या पद्धती जास्त वापरात येतात. लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. एकट्याला न जमणारी गोष्ट मुलाला थोड्या मदतीने जमते, आणि तेवढ्या अंतरातच शिकणे घडते. पियाजे यांच्या सिद्धांतात मोठ्यांच्या मदतीला तेवढी जागा नव्हती.

आजारी मुलाला काय कळते?

आता दवाखान्याकडे वळू. १९८० मध्ये बिबेस आणि वॉल्श या संशोधकांनी पियाजे यांच्याच टप्प्यांवर बेतून ४, ७ आणि ११ वर्षांच्या मुलांच्या आजाराबद्दलच्या कल्पना मांडल्या. लहान मुलांना आजाराचे कारण जादूसारखे वाटते, मोठ्यांना शरीराच्या आतले काम कळू लागते, असे त्यात दिसले. आजार ही वाईट वागण्याची शिक्षा आहे असे लहान मुले मानतात, हेही पियाजे यांच्या जुन्या निरीक्षणांपर्यंत जाते.

पण मायकल सीगल यांनी १९८८ मध्ये मुलांना स्वतः कारण मांडायला लावण्याऐवजी, बाहुल्यांनी सांगितलेले कारण बरोबर की चूक एवढेच ठरवायला सांगितले. तेव्हा शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांनीही सर्दी खोडी केल्याने होत नाही, दुसऱ्याकडून लागते हे ओळखले. म्हणजे कळत होते, शब्दांत मांडता येत नव्हते. आणि शिक्षेची कल्पना सगळी मुलाच्या डोक्यातून येते असे तरी कुठे आहे? "मस्ती केलीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" हे वाक्य रांगेत बसलेल्या पालकांच्या तोंडून कोणत्याही बालरोगतज्ज्ञाने शेकडो वेळा ऐकलेले असते.

सगळ्यांत डोळे उघडणारे काम मात्र मायरा ब्लूबाँड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचे. त्यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसोबत बराच काळ घालवला. त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये आले. त्या काळी या आजाराची बहुतेक मुले वाचत नसत आणि त्यांना ते सांगायचे नाही असा रिवाज होता. तरी मुलांना कळत होते. औषधांची नावे, सुया, इतर मुलांची रिकामी झालेली खाट, दाराबाहेर डोळे पुसून आत हसत येणारी आई, यावरून ती अंदाज बांधत. कोणाला किती कळले हे वयावर किंवा हुशारीवर ठरत नव्हते. आजारपणातून जास्त गेलेले तीन-चार वर्षांचे मूल, नव्याने दाखल झालेल्या नऊ वर्षांच्या मुलापेक्षा जास्त जाणत असे. आणि मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती मुले आपल्याला काही माहीत नसल्याचा देखावा करत. आज ल्युकेमियाचे उपचार खूप सुधारले आहेत आणि बहुतेक मुले बरी होतात. गप्प राहण्याची रीत मात्र पुष्कळ घरांत तशीच आहे. त्यात मूल एकटे पडते.

तक्ता तपासणी नव्हे

सात वर्षांच्या मुलीने दुधाच्या ग्लासाचे उत्तर चुकवले तर काळजीचे काहीच कारण नाही, आणि पाचव्या वर्षी बरोबर दिले म्हणून तिला वरच्या वर्गात घालण्याचेही नाही. पियाजे यांचे टप्पे निदानासाठी बनवलेले नाहीत. त्यावरून कोणतेही मूल ‘मागे’ ठरवू नका आणि दुसऱ्या कोणाला ठरवूही देऊ नका.

खऱ्या काळजीची लक्षणे वेगळी असतात, आणि तिथे ‘प्रत्येक मूल आपापल्या वेगाने वाढते’ म्हणून थांबून राहू नये. १२ महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज नाहीत किंवा बोट दाखवणे, टाटा करणे नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही. २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नाही. किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे, हसणे, नजर देणे मागे गेले, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बोलणे उशिरा येत असेल तर श्रवण तपासणी आधी करून घ्या, मूल हाकेला वळत असले तरीही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे (डीईआयसी) आहेत. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारले तरी पत्ता मिळतो.

मुलाला सांगायचे कसे?

इथे पियाजे पुन्हा कामाला येतात, कारण लहान मूल शब्द शब्दशः घेते हे त्यांनी नीट पाहिले होते. ‘डॉक्टर तुला झोपवतील’ असे सांगितलेले मूल रात्री झोपायला घाबरू शकते. त्यापेक्षा "डॉक्टर एक औषध देतील, त्याने वेगळीच झोप येते, दुखत असले तरी कळत नाही, आणि काम झाले की ते तुला उठवतात" असे सांगा. ‘आजोबा देवाघरी गेले’ ऐकलेल्या मुलाने ‘परत कधी येणार?’ विचारले, तर तो प्रश्न अगदी रास्त आहे. आजोबांचे शरीर आता काम करत नाही, ते परत येणार नाहीत, हे मायेने पण स्पष्ट सांगावे लागते. ‘दुखणार नाही’ असे खोटे सांगून सुई टोचली तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर विश्वास राहत नाही. ‘थोडे दुखेल, मी हात धरून बसेन’ हे तीन वर्षांच्या मुलालाही कळते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितले तरी चालते. शाळकरी मुलाला सात-आठ दिवस आधी सांगितले म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. बाहुलीला सलाइन लावून, खेळण्यातला मास्क घालून दाखवा. बोलण्यापेक्षा हातात घेऊन केलेले लवकर कळते. "आजार तुझ्या चुकीमुळे झालेला नाही" हे वाक्य मुलाने विचारले नाही तरी सांगा.

आणि शेवटी त्यालाच विचारा, "उद्या काय होणार आहे, मला सांग बरं." इथे परीक्षकाच्या सुरात विचारू नका आणि चुकले तर लगेच दुरुस्त करू नका, आधी पूर्ण ऐका. "माझा घसा कापून टाकणार आणि मग मी बोलू शकणार नाही" असे काही त्यात निघाले, तर ते भूलतज्ज्ञांना ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या वेळी मुलासमोरच सांगा. या घोटाळ्याला उत्तर द्यायला तेवढा वेळ त्यांच्याकडे त्या दिवशी असतो, ऑपरेशनच्या सकाळी नसतो.